उचलणाऱ्याची बाजू

स्नेहलने निकेशचा हात पहिल्यांदा धरला तो देवजी सरांनी सांगितलं म्हणून. ती तेव्हा सातवीत होती आणि तो दहावीत. बेलापूरमध्ये एका बागेला लागून सिमेंटची रिंक होती आणि तिथे देवजी सर संध्याकाळी स्केटिंगचा क्लास घेत. बर्फावरचं स्केटिंग त्या मुलांनी फक्त टीव्हीवर पाहिलेलं. इथलं फिगर स्केटिंग चार चाकांच्या बुटांवरचं होतं. जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळांवरून रेषा न सोडता जायचं, उड्या मारायच्या, गिरक्या घ्यायच्या. सरांना त्या वर्षी स्पर्धेत पेअर उतरवायची होती. पेअर म्हणजे एक मुलगा, एक मुलगी, दोघांचं एकच गाणं, आणि मुलीला अंगाखांद्यावर उचलून घेत चाकांवर फिरणं. क्लासमध्ये खांद्याने रुंद असा निकेश एकटाच होता, आणि पडली तरी रडत नाही अशी स्नेहल. सरांनी दोघांना रिंकच्या मधोमध बोलावलं. निकेशला म्हणाले, "सोडू नकोस." आणि तिला म्हणाले, "तू घट्ट धरू नकोस. त्याला धरू दे."

निकेश बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या कोळीवाड्यातला. त्याची आई धोंडूबाई मार्केटमध्ये मासळी विकायची. बाप खाडीत जाळं टाकायचा, आणि पोरगा संध्याकाळचा कुठे जातो हे त्याला बरेच दिवस माहीतच नव्हतं. स्नेहल खारघरकडच्या आगरी गावातली. तिचे वडील कान्हाशेठ एके काळी भातशेती करायचे. शहर आलं तशी शेतं गेली. मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी इमारत बांधली आणि खोल्या भाड्याने दिल्या. मुलीला इंग्रजी शाळेत घातलं, स्केटिंगला जाते म्हटल्यावर जाऊ दिलं. पण कोळ्याचा पोर तिला कमरेला धरून उचलतो हे कानावर आलं, तेव्हा मात्र एका संध्याकाळी ते स्वतः रिंकवर येऊन कठड्यावर बसले. हाताची घडी घालून क्लास संपेपर्यंत सगळं पाहिलं. स्नेहलला वाटलं, आज स्केटिंग संपलं. घरी जाताना स्कूटरवर बसल्या बसल्या ते एवढंच म्हणाले, "त्याची नजर भुईवर व्हती. चालंल."

पुढची बरीच वर्षं ती दोघं एकत्र खेळली. जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय. एकदा रौप्यपदक मिळालं. त्याचा वर्तमानपत्रात आलेला फोटो कान्हाशेठनी फ्रेम करून भाडेकरूंना दिसेल असा जिन्यात लावला. फोटोत निकेशच्या ताठ हातांवर स्नेहल आडवी, हात पसरलेले, चेहऱ्यावर हसू. निकेश खाली बघतोय, जसं काही त्याचं काहीतरी जमिनीवर पडलंय आणि ते शोधतोय. त्यांच्या सगळ्याच फोटोंत तो तसा दिसायचा. जज लोक मार्क कापायचे, म्हणायचे मुलाचं सादरीकरण कमी पडतं. स्नेहल चिडायची. "अरे, एकदा तरी वर बघ. मी काय छताला हसते का?" तो म्हणायचा, बघतो पुढच्या वेळी. पुढच्या वेळी पुन्हा तेच. यावरून त्यांच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनच झाली नाहीत.

लग्न त्यांनी आपल्या मनाने केलं. कान्हाशेठ वर्षभर बोलले नाहीत, मग एका गणपतीला स्वतःच दिवाळ्यात येऊन बसले आणि धोंडूबाईच्या हातचं जेवून गेले. देवजी सर वय झाल्यावर कच्छला गावी निघून गेले आणि जाताना क्लास या दोघांच्या हवाली करून गेले. रिंकवर स्नेहल नवऱ्याला अरे-तुरे करायची आणि घरी सासूसमोर अहो-जाहो. मुलांना त्याची फार मजा वाटायची.

क्लासमध्ये कामं आपोआप वाटली गेली. मुली स्नेहलकडे, मुलगे निकेशकडे. गाणं निवडणं, स्टेप्स बसवणं, हात कसे, मान कशी, कुठल्या सुरावर हसायचं, हे सगळं तिचं. उचलणं, फेकणं, झेलणं हे त्याचं. लिफ्टच्या सरावाला ती मुलीला रिंकच्या एका कडेला नेऊन समजवायची आणि तो दुसऱ्या कडेला मुलाच्या कानाशी लागून हळू आवाजात काही सांगत असायचा. मग दोघं आपापलं पोर घेऊन मध्ये यायचे, आणि लिफ्ट व्हायची. तो मुलांना काय सांगतो हे स्नेहलने कधी ऐकलं नाही. ऐकायची गरजच पडली नाही.

गेल्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता निकेशला ताप आला. साधा ताप म्हणून त्याने दोन दिवस अंगावर काढला, क्लासही घेतला. डेंग्यू निघाला. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा तो स्वतःच्या पायांनी जिना चढला होता. रक्तासाठी क्लासच्या मुलांचे आईबाप रांगेत उभे राहिले. आठवडाही झाला नसेल, तो गेला. पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

क्लास बंद झाला. स्नेहल घरातून बाहेर पडेना. स्केट्सची बॅग दाराजवळ तशीच पडलेली होती, ती कोणी हलवली नाही. धोंडूबाईने मुलाचे दिवस होईपर्यंत मार्केटला जाणं थांबवलं, आणि मग एका सकाळी डोक्यावर पाटी घेऊन ती निघाली. शेजारणी कुजबुजल्या. ती दुपारी परत आली, हातपाय धुतले आणि सुनेसमोर बसली.

"पोरा रिंकवर येतान न परत जातान. मार्केटान बाया माना सांगतान," ती म्हणाली. "घरान बसून काय व्हनार हाय? तो नाय. तू त हायस."

धोंडूबाईच्या अंगाला बर्फाचा आणि मासळीचा वास येत होता, आणि डोळे सुजलेले होते. त्या संध्याकाळी स्नेहलने बॅग उचलली.

लहान मुलांचं सोपं होतं. ती धावत आली, मिठ्या मारल्या, आणि थोड्या वेळात पडायला आणि भांडायला लागली. अवघड होती ती तेजस आणि भाविकाची जोडी. तेजस अकरावीत, भाविका नववीत. तीन वर्षं निकेशने त्यांना तयार केलं होतं. कमरेपर्यंतच्या, खांद्यापर्यंतच्या लिफ्ट त्यांना येत होत्या. डोक्यावरची, हात पूर्ण ताठ करून उचलायची मोठी लिफ्ट दिवाळीनंतर सुरू करायची असं निकेशने ठरवलं होतं, कारण जानेवारीत राज्य स्पर्धा होती आणि त्या लिफ्टशिवाय वरच्या गटात उतरण्यात अर्थ नव्हता.

स्नेहलने जाड गाद्या अंथरल्या, दोघांना स्केट्स काढायला लावले आणि सुरुवात केली. भाविकाला तिने सगळं सांगितलं. पोट आत, पाय जोडलेले, अंग फळीसारखं, भीती वाटली तरी वाकायचं नाही. पोरीने तंतोतंत केलं. तेजसने तिला खांद्यापर्यंत नेलं आणि तिथे त्याचे हात थरथरायला लागले. भाविका घसरली, गादीवर आली. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तेजसचा चेहरा लाल झाला होता. तो म्हणाला, "मॅम, माझे पाय कुठे पाहिजेत?"

आयुष्यातली सगळी तरुण वर्षं स्नेहल निकेशच्या हातांवर चढली होती. त्याचे पाय कुठे असायचे हे तिला माहीत नव्हतं.

घरी जाऊन तिने जुने व्हिडिओ लावले. स्पर्धांचे, क्लासच्या वार्षिक कार्यक्रमांचे. प्रत्येक वेळी लिफ्ट सुरू झाली की कॅमेरा वर जायचा, तिच्या मागोमाग. निकेश कमरेपासून खाली कापला जायचा. कुठे नुसतं डोकं, कुठे नुसते हात. तिने एकामागून एक सगळे बघितले, आणि मग मोबाइल पालथा ठेवला.

भाविकाची आई समजूतदार बाई. तिने एकदा बाजूला घेऊन विचारलं की स्पर्धेपुरतं पुण्याच्या एखाद्या कोचकडे पाठवलं तर मॅमना वाईट वाटेल का. स्नेहल म्हणाली, वाटेल, पण पोरीचं नुकसान होऊ नये, तुम्ही खुशाल पाठवा. हे ती मनापासून बोलली. पण तिथून निघून रिंकच्या टोकाला नळाजवळ ती बराच वेळ उभी राहिली. तिला पहिल्यांदा असं वाटलं की आपल्याला येत होतं ते अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं निकेश बरोबर घेऊन गेला.

भाविकाचं पुण्याचं काही ठरायच्या आतच तिला राजवर्धनचं नाव आठवलं. तो त्यांच्या क्लासचा जुना विद्यार्थी. निकेशने ज्याला मोठी लिफ्ट पूर्ण शिकवली असा पहिला मुलगा. बारावीनंतर खेळ सुटला. आता तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होता आणि खारघरला राहत होता. निकेशच्या अंत्ययात्रेत खांदा देणाऱ्यांत तो होता. स्नेहलने फोन करून अडचण सांगितली. तो म्हणाला की रविवारी सुट्टी आहे, येतो.

रविवारी सकाळी तो आला. स्नेहलने बॅगेतून निकेशचे स्केट्स काढून त्याच्यापुढे ठेवले. निकेशच्या आणि त्याच्या पायाचा नंबर एकच होता. त्याने हात मागे घेतला. "सरांचे नको, मॅम," म्हणाला, आणि मोजे काढून अनवाणीच गादीवर उतरला.

त्याने तेजसला समोर घेतलं आणि बोलायला लागला. स्नेहल कडेला उभी होती. पहिल्या दोन-तीन वाक्यांतच तिला कळलं की हा राजवर्धनचा आवाज असला तरी बोलणं निकेशचं आहे. तेच तुटक बोलणं, मध्येच थांबणं. तो सांगत होता, उचलू नको. उचलायला गेलास की हात भरून येतात. तू फक्त खाली बस आणि उभा राहा, ती आपोआप वर येते. पाय खांद्याइतके लांब नको, थोडे जवळ, डावा जरासा पुढे. ती वर पोहोचेपर्यंत श्वास सोडायचा नाही. तळव्याने धरायचं, बोटांनी नाही. बोटांनी धरलंस की तिला दुखतं आणि ती आखडते.

तेजसने करून बघितलं. पहिल्यांदाच भाविका त्याच्या डोक्याच्या वर गेली आणि क्षणभर तिथे राहिली. उतरल्यावर दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत हसले.

"वर बघू नको," राजवर्धन तेजसला म्हणाला. "आत्ता बघितलंस."

स्नेहलने विचारलं, "का? वर का नाही बघायचं?"

राजवर्धनला वाटलं, मॅम आपली परीक्षा घेतायत. तो शाळेतल्यासारखा सरळ उभा राहून म्हणाला, "हनुवटी वर गेली की वजन मागे जातं. चाकं पुढे निसटतात. त्यात आपली रिंक ही अशी, जागोजागी फटी, खडे. सर म्हणायचे, वर बघायचा मोह होतोच, पण बघायचं नाही. तिला बघायला बाकी सगळे आहेत. तू तिला उतरवायची जागा बघ."

स्नेहलने मान हलवली. मग बाटली भरून आणते असं काहीतरी म्हणून ती नळाकडे गेली. परत यायला तिला वेळ लागला, आणि तोपर्यंत राजवर्धनने मुलांना उगाचच व्यायाम करायला लावले.

दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी स्नेहल म्हणाली, "मला खाली उभं राहायचंय."

राजवर्धनला आधी समजलंच नाही. मग त्याने विरोध केला. तुमची सवय नाही, कंबर धरेल, वजन वगैरे. ती म्हणाली की तू कायम येणार नाहीस, आणि हे शिकवायचं असेल तर मला एकदा तरी हातांनी कळलं पाहिजे. लहान मुलांत मनाली नावाची आठ वर्षांची मुलगी होती, हाडाची बारीक आणि कशालाच न भिणारी. तिची आई कठड्यावरच बसलेली होती. तिला विचारलं, तिने हो म्हटलं. आधी गादीवर, अनवाणी. मग पुष्कळदा झाल्यावर स्केट्स घालून, सावकाश सरळ रेषेत, राजवर्धन मागून सावरायच्या तयारीत.

स्नेहल खाली बसली आणि उभी राहिली. मनाली वर गेली.

पहिली गोष्ट तिला कळली ती ही की खालून काहीही दिसत नाही. पोरीचं पोट आणि फ्रॉकची कड, बस्स. चेहरा कुठेच नव्हता. पुढे फक्त सिमेंट होतं. त्यातली प्रत्येक फट चाकांतून वर येत होती, घोट्यातून गुडघ्यात, तिथून खांद्यात. आणि दुसरी गोष्ट कळली ती तळव्यांना. मनालीचा श्वास तळव्यांत येत होता. मध्येच एका फटीवर चाक अडखळलं, तसं पोरीचं पोट दगडासारखं घट्ट झालं. ती वरून ओरडली नाही, कुणाला दिसलंही नसेल. पण स्नेहलला कळलं.

तिने मनालीला खाली उतरवलं आणि तिथेच बसली. राजवर्धनने पाणी आणलं. तिला पाणी नको होतं. ती स्पर्धांचे दिवस आठवत होती. कितीतरी वेळा वर गेल्यावर भीतीने तिच्या पोटात गोळा आला होता. एकदा तापातच खेळली होती. एकदा घरी वडिलांशी भांडून आली होती आणि हात पसरून हसताना रडू आवरत होती. प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं की हसण्यामागे आपण सगळं झाकलं आणि निकेशला पत्ता लागला नाही. ती उतरल्यावर त्याने कधी विचारलंही नाही. फक्त कधी कधी ठरलेल्या वेळेच्या जराशी आधीच तो तिला खाली घ्यायचा, आणि ती त्याच्यावर चिडायची की सूर चुकला.

ही गोष्ट तिने राजवर्धनला सांगितली नाही. घरी धोंडूबाईलाही नाही. धोंडूबाई बोंबील साफ करत बसली होती. स्नेहल विळी घेऊन तिच्याशेजारी बसली. सासूने एकदा तिच्या लाल झालेल्या तळव्यांकडे पाहिलं आणि बसायचा पाट तिच्याकडे सरकवला.

त्यानंतर सरावाला वळण लागलं. राजवर्धन जमेल तसा येत राहिला, पण रोजचं स्नेहल बघू लागली. तेजसचे हात का थरथरतात हे तिला आता दुरून दिसायचं. "टाच," ती एवढंच म्हणायची, किंवा "श्वास सोडलास." तेजस चकित व्हायचा. डिसेंबरच्या शेवटी त्याने भाविकाला चाकांवर फिरत, हात पूर्ण ताठ करून उचललं, आणि रिंकवरची सगळी पोरं आपापलं सोडून टाळ्या वाजवायला लागली.

राज्य स्पर्धेला स्नेहल दोघांना घेऊन पुण्याला गेली. कोच उभे राहतात त्या जागी ती एकटी उभी राहिली. तिथे आजवर ते दोघं उभे राहायचे आणि निकेश गाणं सुरू होताच तोंडावर हात घ्यायचा. आता तिनेही तेच केलं हे तिच्या लक्षात आलं नाही. मोठी लिफ्ट आली, टिकली, वळणही नीट झालं. उतरताना तेजसचा डावा पाय किंचित घसरला, पण त्याने भाविकाला सावरून अलगद टेकवलं. ती जोडी चौथी आली. राष्ट्रीयसाठी पहिल्या तीन जोड्यांची निवड होती.

तेजस कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर येईना. स्नेहल आत जाऊन त्याच्याजवळ बाकावर बसली. ती त्याला म्हणाली नाही की पुढच्या वर्षी होईल. तिने विचारलं, घसरलास तेव्हा काय केलंस? तो म्हणाला, काही केलं नाही, आधी तिला खाली ठेवलं. ती म्हणाली की बाकी सगळं सुधारता येतं, आणि हे शिकवून येतंच असं नाही. मग दोघं बाहेर आली. बाहेर तिला ओळखीचा एक जज भेटला, जुन्या काळचा, निकेशला ओळखणारा. निकेशची आठवण काढून झाल्यावर तो म्हणाला की मुलगा चांगला आहे, पण लिफ्टमध्ये सारखं खाली बघतो, तिथे मार्क गेले.

"बघू दे," स्नेहल म्हणाली.

परत आल्यावर तिने क्लासमध्ये एक बदल केला. लहान मुलांच्या बॅचमध्ये आता मुलगी-मुलगा असा भेद राहिला नाही. गादीवर आधी प्रत्येकाने प्रत्येकाला कमरेइतकं उचलायचं, आणि प्रत्येकाने स्वतःला उचलू द्यायचं. मुली खाली, मुलगे वर, मग उलट. काही मुलग्यांना लाज वाटली. एका आजोबांनी तक्रार केली की आमच्या नातवाला पोरींनी उचलायचं हे काय खूळ. स्नेहलने त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांना बसायला खुर्ची दिली आणि तास पुढे चालू ठेवला. आजोबा पुढच्या आठवड्यातही नातवाला घेऊन आले.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर नवीन मुलं आली. खारघरच्या टॉवरमध्ये नुकत्याच राहायला आलेल्या एका बाईंनी मुलाचं नाव घालताना इकडे तिकडे बघून विचारलं की मुलींना तुम्ही शिकवता हे ऐकलंय, पण मुलांसाठी सर कोण आहेत.

"सर नाहीत आता," स्नेहल म्हणाली. "मुलांचंही मीच बघते." मग तिने खाली बसून त्या मुलाच्या स्केटची लेस पुन्हा बांधली, कारण ती सैल होती, आणि त्याला आत नेलं.